नोटीस बोर्डावरचा पालक-शिक्षक संघ

पत्र

"ताई, माझी मुलगी एका खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. शाळा तशी बरी, पण पालकांना कोणी विचारत नाही. सूचना येतात, फीची आठवण येते, बास. जूनच्या शेवटी वही अपुरी राहिली म्हणून टीचरनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. मी विचारायला गेले, तर गेटवरच 'अपॉइंटमेंट आहे का?' म्हणून अडवलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज आग असते. काही जण म्हणतात, आपणच पालकांची संघटना काढू, शाळेला एकदा दणका बसू दे. पुढाकार मी घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पालक-शिक्षक संघाची यादी नोटीस बोर्डावर लागते म्हणे, पण बैठक झालेली कुणी पाहिलेली नाही. नवरा म्हणतो, 'तिथे अजून आठ वर्षं काढायची आहेत, उगाच पंगा घेऊ नकोस.' मी बँकेत नोकरी करते, वेळ बेताचाच. सुरुवात कुठून करू? आणि शिक्षकांना यात घ्यायचं तरी कसं?"

– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन पत्रं आहेत. एक मुलीला वर्गाबाहेर उभं केलं त्याचं आणि दुसरं संघाचं. तुम्ही ती एका दमात लिहिलीत, आणि शाळेलाही ती एका दमातच ऐकू जाणार. कोणी पालक पुढे झाला की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "हिची मुलगी कुठल्या तुकडीत? हिचं काय झालं होतं?" उत्तर मिळालं की पुढचं कोणी ऐकत नाही. मग तुम्ही दप्तराबद्दल बोला, बसबद्दल बोला, ते 'त्या वहीवाल्या आईचं' बोलणं होतं. म्हणून आधी मुलीचं मिटवा, आणि ते एकटीने मिटवा.

दुसरीतल्या मुलीला बाहेर उभं करणं किरकोळ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण तर दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये असं म्हणतं. पण ही कलमं पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. मुख्याध्यापिकांना चार ओळींचं पत्र द्या: कोणत्या दिवशी काय झालं, मुलगी घरी येऊन काय म्हणाली, आणि तुम्हाला टीचरना व त्यांना एकत्र भेटायचं आहे. वेळ त्यांनाच विचारा. भेटीत टीचरना आधी बोलू द्या. सात वर्षांच्या मुलांच्या सांगण्यात वेळेचा हिशेब बऱ्याचदा गडबडलेला असतो, आणि कधी कधी नसतोही. 'पुन्हा असं होणार नाही' एवढं स्पष्ट ऐकून बाहेर पडा. आणि या भेटीबद्दल ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. विजयाचंही नाही.

गेटवर अडवल्याचा राग मी समजू शकते, पण तो सोडून द्या. शाळा भरलेली असताना कोणीही थेट वर्गाच्या दारापर्यंत जाऊ शकत असेल, तर त्या शाळेत मी माझी नात घालणार नाही. वॉचमनकाकांनी त्यांचं काम केलं.

आता संघ.

नवी संघटना काढू नका. तुमच्यासारख्या खासगी शाळेत संघ कायद्यानेच असावा लागतो. २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम त्याबद्दल अगदी बारीक बोलतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत शाळेच्या प्रमुखाने पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा. शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक आणि प्रत्येक शिक्षक त्याचे सदस्य. म्हणजे तुम्ही आत्ता, हे वाचताना, सदस्य आहातच. त्यातून कार्यकारी समिती निघते: अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष एक पालक, सचिव एक शिक्षक, सहसचिव दोन पालक, शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. समितीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. यादी बोर्डावर लावायची, शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची. तुमच्या शाळेने यादी लावण्यापर्यंतचा भाग केला आहे. पुष्कळ शाळांचा संघ नेमका तिथेच संपतो.

आणि यातली एक गोष्ट तुमच्या ग्रुपला आवडणार नाही. समितीतले पालक निवडणुकीने येत नाहीत, शाळेच्या पसंतीनेही नाहीत. इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून, सोडत काढून ते ठरतात. 'पुढाकार तुम्हीच घ्या' म्हणणाऱ्या सगळ्यांना विचारा की चिठ्ठीत नाव द्यायला कोण कोण तयार आहे. ग्रुपवरचे किती अंगठे तिथे उरतात ते बघा. आणि तुमचं नाव निघालं नाही तर? मग ज्यांचं निघालं त्यांना मदत करायची. मला तर हा सोडतीचा प्रकार फार आवडतो. त्यामुळे मोठ्या आवाजाचा माणूस आपोआप पुढारी होत नाही, आणि एरवी बैठकीत मागच्या बाकावर गप्प बसणारी एखादी आई सहसचिव होऊन जाते.

तेव्हा तुमचं पहिलं पाऊल म्हणजे मुख्याध्यापिकांना एक साधं पत्र. यंदाच्या समितीची यादी बघायला मिळेल का, सोडत कधी झाली, पुढची बैठक कधी आहे, आणि सोडत व्हायची असेल तर माझं नाव इच्छुकांत घ्या. एवढंच. पोच घ्या. त्यात 'कायद्यानुसार', 'अन्यथा' हे शब्द नकोत. शाळेला कायदा माहीत असतो. तुम्हालाही तो माहीत आहे हे प्रश्न कोणते विचारलेत त्यावरून त्यांना कळतं. पंधरा-वीस दिवस उत्तर नाही आलं तर आठवण करा, आणि त्याही पुढे गेलं तरच शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाचं नाव काढा. बहुतेक वेळा तिथवर जात नाही. बैठका न होण्याचं कारण दर वेळी लबाडी नसते. कित्येकदा कोणी विचारलेलंच नसतं.

(महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळांत मुलं असलेल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तिचे अधिकार वेगळे, आणि खरं तर जास्त आहेत. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. बैठक कशी चालवावी हे पुढचं मात्र तुम्हालाही लागू.)

समजा बैठक ठरली. पहिल्याच बैठकीला काय घ्यायचं, यावर वर्षभराचं नशीब ठरतं. फी घेऊ नका. फीचा विषय महत्त्वाचा आहे, पण अनोळखी माणसांनी पहिल्या भेटीत पैशांवर बोललं की दोन बाजू पडतात आणि त्या वर्षभर तशाच राहतात. ज्यात शाळा आणि घर दोघांचाही थोडा थोडा दोष आहे असा विषय घ्या. माझ्या मते दप्तर हा त्यासाठी उत्तम विषय.

नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे: दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. राज्याने २०१५ मध्ये सांगितलं, केंद्राच्या धोरणातही तेच आहे. म्हणजे बावीस किलोच्या मुलीच्या पाठीवर दोन किलो दोनशे ग्रॅम. आता प्रवासाची बॅग मोजायचा छोटा काटा मिळतो, तो आणा. शाळेच्या परवानगीने, एका सकाळी, एका इयत्तेची दप्तरं मोजा. मुलांची नावं लिहायची नाहीत, फक्त वजनं. मग चार-पाच दप्तरं उघडून आत काय आहे ते बघा. स्टीलची लिटरभर पाण्याची बाटली, दोन डबे, कंपासपेटीत पेन्सिलींचं अख्खं दुकान, काल लागणारी आणि उद्या लागणारी पुस्तकं, आणि शाळेने घ्यायला लावलेल्या गुळगुळीत कागदाच्या वर्कबुका. पालक शाळेकडे बोट दाखवायला आलेले असतात, आणि काट्यावर निम्मं वजन घरचं निघतं. शिक्षक 'आई-बाप वेळापत्रक बघतच नाहीत' म्हणायला आलेले असतात, आणि रोजच्या वेळापत्रकात पाच विषयांची वही-पुस्तकं निघतात. दोघंही जरा खाली बसतात. तिथून बोलणं सुरू होतं.

तोडगे अवघड नाहीत. पिण्याच्या पाण्याची सोय नीट असली तर बाटली अर्धी भरून येते. पाणी खरंच बरं आहे का, टाकी कधी धुतली, हे त्याच बैठकीत विचारता येतं. वर्कबुका वर्गाच्या कपाटात राहू शकतात. दोन विषय एकाआड एक दिवस ठेवता येतात. ते टीचरनी ठरवायचं, आपण नाही. महिन्याभराने पुन्हा काटा. वजन कमी झालेलं कागदावर दिसलं की पुढच्या बैठकीला माणसं स्वतःहून येतात. आणि 'संघ काय करतो?' या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

याच्या शेजारीच दुसरा एक विषय आहे, तो लवकर हातात घ्या: व्हॅन आणि बस. राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो. तो कोण आहे हे विचारा. सिंहगड रस्त्याला सकाळी सात वाजता व्हॅनमध्ये किती मुलं कोंबलेली असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. इथेही सावध राहा. व्हॅनकाकांना आपणच कमी पैशांत जास्त मुलं घ्यायला लावतो. एक मूल कमी घ्या म्हणालात तर महिन्याचे पैसे वाढतील, आणि तेव्हा ग्रुपवरच्या वाघांची मांजरं होतील.

पालक म्हणजे एक आवाज नव्हे, हे बैठकीत पदोपदी दिसेल. साधं उदाहरण घ्या. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. मुलांची झोप व्हावी म्हणून. वरवर पाहता याला कोण विरोध करेल? पण हिंजवडी किंवा खराडीला आठला निघणाऱ्या आई-बापांनी नऊच्या शाळेला मुलाला सोडायचं कोणी? जिच्या घरी आजी आहे ती आई म्हणते नऊ उत्तम; जिच्या घरी कोणी नाही ती म्हणते साडेसातच बरं. दोघीही मुलाचंच बघत असतात. अशा वेळी हात वर करून मतदान घेऊ नका. हरलेल्या आया पुढच्या बैठकीला येत नाहीत. अडचण नेमकी कोणत्या तासाची आहे ते काढा. नऊच्या शाळेसाठी साडेसातपासून मुलं थांबू शकतील अशी एखादी खोली, एखादी मावशी, शाळेला शक्य आहे का? पैसे कोण देणार? असे प्रश्न कंटाळवाणे असतात, पण खरं काम त्यांच्यातच असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शिक्षकांचा. तुम्ही 'त्यांना यात घ्यायचं कसं' असं विचारलंत. घ्यायचं कसं म्हणजे? संघ निम्मा त्यांचाच आहे. पण प्रश्नामागची काळजी खरी आहे. शिक्षक पालकांच्या बैठकीला घाबरतात, आणि त्याला कारणं आहेत. खासगी शाळांत कित्येक जणींची नोकरी वर्षा-वर्षाच्या करारावर असते. समोर मुख्याध्यापिका बसलेली असताना एखाद्या पालकाने 'तिसरी ब च्या टीचर नीट शिकवत नाहीत' म्हटलं की त्या बाईंचा पुढचा करारच टांगणीला लागतो. तेव्हा पहिल्याच दिवशी एक नियम ठरवून, लिहून ठेवा: बैठकीत कुठल्याही मुलाचं किंवा शिक्षकाचं नाव घ्यायचं नाही, आणि एका मुलाची गोष्ट एका मुलाचीच, ती संबंधित शिक्षकाशी वेगळी बोलायची. तुमचं वहीचं प्रकरण घ्या. त्या टीचरचं नाव बैठकीत येणार नाही. पण 'शिक्षा म्हणून कुठल्याही मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही, त्याऐवजी काय करायचं ते शिक्षकांनी सुचवावं', हा विषय येऊ शकतो, यायलाच हवा. काही महिने जाऊ द्या आणि तो तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी मांडलेला बरा.

दुसरं म्हणजे प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत निदान एक विषय शिक्षकांचा हवा. आणि तो पहिला घ्या, शेवटी वेळ उरला तर असं नको. त्यांना बोलायचं खूप असतं. ताप असताना गोळी देऊन मुलं पाठवू नका, दुपारी तो पुन्हा चढतो आणि मग तीस मुलं सोडून एका टीचरला सिकरूममध्ये बसावं लागतं. डबा विसरला म्हणून अकरा वाजता गेटवर येऊ नका, एक दिवस मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं तर काही बिघडत नाही. प्रोजेक्ट मुलाला करू द्या. थर्माकोलचा शनिवारवाडा कोणी केला हे आम्हाला कळतं. हे सगळं पालकांनी हसत ऐकलं की आपलं म्हणणं ऐकायला त्याही तयार होतात.

वेळेचंही बघा. शाळा सुटल्यावर दीड तास बैठक म्हणजे टीचरच्या घरी तिचं मूल शेजाऱ्यांकडे बसलेलं असतं. एक तास, घड्याळ लावून, त्याहून एक मिनिट जास्त नाही. विषयपत्रिका चार दिवस आधी सगळ्यांच्या हातात. ऐनवेळचे विषय घ्यायचे नाहीत. आपल्याकडे सोसायटीच्या सभा ऐनवेळच्या विषयांतच बुडतात, शाळेची तरी वाचवा.

आणि वार. 'शनिवारी सकाळी सगळ्यांना जमतं' असं आयटीतले आणि बँकेतले पालक ठामपणे सांगतात. बँकेतल्यांना तरी एकाआड एक शनिवार माहीत असतो. भोसरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाची सुट्टी गुरुवारी असते. भाजीची गाडी लावणाऱ्या आईची सकाळ म्हणजे तिचा धंदा. तुमच्या शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांवर आलेली मुलं असतील. त्यांचे पालक बैठकीला सहसा दिसत नाहीत. वेळ हे एक कारण, पण मोठं कारण संकोच. शाळा इंग्रजी, नोटीस इंग्रजी, समोरच्या बायका भरभर इंग्रजीत बोलतात. तेव्हा बैठक मराठीत घ्या, नोटीसही मराठीत काढा, हिंदीवाले असतील तर दोन वाक्यं हिंदीत सांगा. एखादी बैठक गुरुवारी संध्याकाळी ठेवून बघा. आणि भरलेल्या खुर्च्या मोजण्याऐवजी रिकाम्या कोणाच्या राहिल्या ते बघा. यादी काढून त्यातल्या दोघा-तिघांना तुम्ही स्वतः फोन करा. व्हॅनमध्ये कोणाची मुलं कोंबली जातात, पाण्याची बाटली कोणाला परवडत नाही, सहलीचे पैसे कोणाला जड जातात, हे त्यांच्याशिवाय तुम्हाला कोण सांगणार?

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. तो ग्रुप संघ नाही आणि त्याला संघ बनवायला जाऊ नका. आहे तो चालू द्या; रात्री साडेदहाला 'उद्या काय आणायचंय?' विचारायला तो लागतोच. संघाचा वेगळा ग्रुप करा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. त्यावर फक्त तारीख, विषयपत्रिका आणि झालेले निर्णय. शिक्षकांना पालकांच्या गप्पांच्या ग्रुपवर घेऊ नका, त्यांना रात्रीची झोप हवी असते. कोणाच्या मुलाचा फोटो, कोणाचे गुण, कोणी कोणाला चावलं, यातलं काही कुठल्याही ग्रुपवर नको.

पैसे जितके कमी हाताळाल तितकं सुखाने जगाल. संघाची वार्षिक वर्गणी असते ती शाळेच्या पावतीने जाऊ दे. शिक्षकदिनाला भेटवस्तू म्हणून प्रत्येकी अमुक रुपये गोळा करण्याची जी पद्धत सुरू झाली आहे, ती संघाच्या नावावर अजिबात चालू देऊ नका. न देणाऱ्याची यादी तयार होते, मूल वर्गात ओशाळतं, आणि टीचरला त्या डिनर सेटचं काय करायचं हे कळत नाही. मुलांनी हाताने लिहिलेलं कार्ड पुरे. स्नेहसंमेलनासाठी किंवा वाचनकोपऱ्यासाठी कधी पैसे जमवलेच तर रोख नको, दोघांच्या सहीशिवाय खर्च नको, आणि हिशेब बोर्डावर, यादीच्या शेजारी.

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा. अर्धं पान. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. चर्चेत कोण काय म्हणालं ते लिहीत बसू नका, त्याने माणसं सावध होतात आणि बोलणं बंद करतात. तुम्ही बँकेत आहात, हे तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा चांगलं जमेल. पुढची बैठक याच अर्ध्या पानापासून सुरू करायची: हे झालं, हे झालं नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मुलगी तिथे आठ वर्षं असणार आहे, आणि आई शाळेत सतत भांडताना दिसली तर त्याची झळ मुलीला लागते. कधी शिक्षकांकडून, पण त्याहून जास्त इतर मुलांकडून. पण पंगा आणि संघ एक नाही. तुम्ही मुलीचं प्रकरण वेगळं, शांतपणे मिटवलंत आणि संघात वर्षभर दप्तर, पाणी, व्हॅन यावर काम केलंत, तर टीचरच्या मनात तुम्ही 'तक्रार करणारी आई' राहत नाही. घरी एक गोष्ट पाळा: संघात काय झालं ते मुलीसमोर बोलू नका. तिच्या टीचरबद्दल तर नाहीच. यजमानांना परिवहन समितीचं काम द्या हवं तर. गाड्यांबद्दल पुरुषांना एरवीही खूप मतं असतात.

आता फी, जी मी पहिल्या बैठकीला घेऊ नका म्हणाले. कायद्याने कार्यकारी समितीला दिलेला सर्वांत मोठा अधिकार हाच आहे, आणि बहुतेक समित्या तो न वाचता सही करून वापरून टाकतात. शाळेने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो. जूनमध्ये शाळा सुरू होत असेल तर हे डिसेंबरमध्ये येतं. समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. ठरलेली फी दोन वर्षं बांधील. समितीने मान्य केलेली आणि शाळेने मागितलेली फी यांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. सहल, स्नेहसंमेलन, इतर उपक्रम यांच्या नावाने घेतल्या जाणाऱ्या पैशांची माहिती मागणं हेही समितीचंच काम.

म्हणून ऑगस्ट ते दिवाळी हा काळ फुकट घालवू नका. या महिन्यांत दप्तर-पाण्याच्या निमित्ताने समितीतली माणसं एकमेकांना ओळखू लागतील. त्यातला एखादा सीए निघेल, एखादी आई दुसऱ्या शाळेत हिशेब बघत असेल. त्यांना दिवाळीच्या आधी बसवा: फी वाढवायची कारणं कोणती ग्राह्य, पगारावर किती जातं, इमारतीवर किती, मागच्या वर्षी वाढवलेल्या पैशांचं काय झालं. शिक्षकांच्या पगारासाठी फी वाढत असेल तर त्या बाजूनेही बोला. स्वस्त शाळा आणि चांगल्या टीचर दोन्ही एकाच वेळी मागणं बरं नव्हे. पण मग तो पगार खरंच वाढला का, हे पुढच्या वर्षी विचारायचं.

आणि डिसेंबरच्या बैठकीत ऐनवेळी टेबलावर कागद येतील, तक्ता येईल, समोसे येतील, आणि कोणीतरी हसत म्हणेल, "फक्त फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा." तेव्हा समोसा घ्या, कागद पर्समध्ये ठेवा आणि सांगा, "वाचून पुढच्या आठवड्यात कळवते. तीस दिवस आहेत ना आपल्याकडे?"